गावात कोण कुठं बसतं? दर्जा, भूमिका आणि आपल्याकडचा समाज

येरळाकाठ

नमस्कार मंडळी,

मी तासगाव भागातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवतो. 'दर्जा आणि भूमिका' हा भाग दर वर्षी येतो. मुलं व्याख्या पाठ करतात, गुण मिळवतात, पुढं जातात. मला मात्र वर्षागणिक वाटत चाललंय की अख्ख्या अभ्यासक्रमातला हाच सगळ्यात कळीचा भाग आहे आणि आपण तो वाया घालवतोय. म्हणून हा धागा काढला.

आधी थोडं शास्त्र. राल्फ लिंटन या अमेरिकन मानवशास्त्रज्ञानं १९३६ साली ही जोडी नीट मांडली. समाजात माणसाची जी जागा असते, तिच्यासोबत येणारे हक्क आणि कर्तव्यं, तो दर्जा. ते हक्क आणि कर्तव्यं प्रत्यक्ष वागण्यात उतरतात, ती भूमिका. जन्मानं चिकटतो तो अर्पित दर्जा: जात, बाई की पुरुष, कुणाच्या पोटी जन्मलात. स्वतः कमावलेला तो अर्जित: शिक्षक, फौजदार, पैलवान. परीक्षेला एवढं पुरतं.

गावात राहणाऱ्याला एवढ्यानं भागत नाही. कागदावरचा दर्जा एका दिवसात बदलतो. सरकार कायदा करतं, निवडणूक होते, नोकरी लागते. भूमिका मात्र तशी बदलत नाही, कारण ती एकट्याच्या हातात नसतेच. मी कसं वागायचं याचा अर्धा भाग समोरच्याच्या मनात असतो. समाजाची रचना टिकून राहते ती या एकमेकांकडून असलेल्या अपेक्षांवर, असं माझं ठाम मत झालंय.

पाटलांचंच घ्या. महसुली पाटीलकी १९६२ च्या कायद्यानं संपली. पोलीस पाटील १९६७ च्या कायद्याखाली नेमला जातो, त्याला अर्ज करावा लागतो, तो कुठल्याही जातीचा असू शकतो. तरी आमच्याकडं बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, वेशीत कर (बांधलेलं तोरण) तोडायचा मान जुन्या पाटलाच्या घरच्या बैलाचा. त्या घरात आता बैल नाही, ट्रॅक्टर आहे. मग भावकीतला बैल आणतात, पाटलाच्या दारात त्याला सजवतात आणि तिथनं वाजत नेतात. अख्खा गाव हे मनापासून करतो, कुणी जबरदस्ती करत नाही.

मान म्हणून जे उरलं ते निदान गोड आहे. दुसऱ्या टोकाचं बघा. महार वतनात काय होतं? निरोप पोचवणं, सरकारी सामान वाहणं, मेलेलं जनावर ओढणं, रात्री-अपरात्री हाक आली की उठणं. बदल्यात थोडी जमीन आणि मागून आणायची भाकरी. कामाला हद्द नाही आणि नाही म्हणायची सोय नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायदा बदलायला विधेयक आणलं, कारण वतनाची जमीन हीच बेडी आहे हे त्यांना दिसलं होतं. ती वतनं रद्द झाली १९५८ च्या कायद्यानं. मधली तीस वर्षं कुणाची गेली याचा विचार करा. आणि कायदा झाल्यावरही ज्यांनी ढोर ओढायला नकार दिला, त्यांच्यावर गावोगाव बहिष्कार पडले. दर्जा गेला होता, गावाची अपेक्षा गेली नव्हती.

आता आजची गोष्ट, जिच्यामुळं हे लिहायला बसलो.

गेल्या उन्हाळ्यात ओळखीच्या एका कुटुंबासोबत दुय्यम निबंधक कार्यालयात गेलो होतो. वडील वारलेले, चार एकर बागायत, दोन भाऊ, तीन बहिणी. बहिणींचं हक्कसोडपत्र नोंदवायचं होतं. धाकटी बहीण बँकेत अधिकारी. कर्जप्रकरणात एका वारसाची सही कमी असली तर फाईल परत पाठवणारी बाई. संगणकावरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, एकदा वाचून घ्या." तिनं पर्समधून चष्मा काढला. तेवढ्यात थोरली म्हणाली, "भावाचं काय वाचायचं?" धाकटीनं चष्मा तसाच परत ठेवला, अंगठा यंत्रावर टेकवला आणि फोटोसाठी कॅमेऱ्याकडं बघितलं. बाहेर आल्यावर भावजयीनं तिघींची ओटी भरली, साड्या दिल्या.

महाराष्ट्रानं तोवर लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क १९९४ सालीच दिला. २००५ मध्ये तो देशभर झाला. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं की हा हक्क मुलीला जन्मानंच मिळतो, कायदा आला तेव्हा वडील हयात होते की नव्हते यावर तो अवलंबून नाही. म्हणजे वारस हा दर्जा पक्का आहे. पण त्या टेबलापाशी तिला कुणी वारस म्हणून बोलावलंच नव्हतं, बहीण म्हणून बोलावलं होतं. चांगली बहीण सोडून देते. न सोडणारीचं माहेर तुटतं. भाऊबीज जाते, लेकराच्या लग्नात मामाचा मान जातो, उद्या सासरी बिनसलं तर परत यायची पायरी जाते. ती बाई अडाणी नव्हती. तिनं हिशेब केला होता. एव्हरेट ह्यूजेस यांनी १९४५ मध्ये मांडलं होतं की माणसाच्या अनेक दर्जांपैकी एखादा बाकी सगळ्यांना झाकून टाकतो. पुस्तकात त्याला प्रमुख दर्जा म्हणतात. मी तो त्या दिवशी पाच फुटांवरून पाहिला.

तुमच्या घरात, गावात असं काही पाहिलंय का? दर्जा बदलला पण भूमिका तीच राहिली, किंवा उलटं? सविस्तर लिहा.

भट्टीवाला

सर, आमचं गाव खानापूर तालुक्यात. धंदा गलाईचा, दुकान तमिळनाडूत. आमच्या भागातली माणसं देशात कुठं नाहीत सांगा. जिथं सराफ पेठ, तिथं आमचा माणूस मूस घेऊन बसलेला. जुनं सोनं आटवायचं, तेजाबात घालून शुद्ध करायचं, टंच, म्हणजे सोन्याचा कस, काढून द्यायचा. दुष्काळानं बाहेर काढलं आम्हाला.

तुम्ही म्हणता तसं माझं रोज होतंय. इथं मला सगळे सेठ म्हणतात. सराफ लाखाचा माल चिठ्ठीवर सोडून जातो. गावी गेलो की मी अमक्याचा धाकटा. सत्तरीचा चुलता पारावर असला तर मी खाली बसणार. त्यात मला वाईट वाटत नाही, उलट बरं वाटतं.

अडचण दुसरीकडं आहे. गावातनं बहीण फोन करती, "दादा, पोराला दुकानावर घे." घेतला. आता तो माझा कामगार, का माझा भाचा? भट्टीपाशी चूक म्हणजे हात भाजणार नाहीतर माल कमी भरणार. मालक म्हणून मला बोलायलाच पाहिजे. बोललो की रात्री बहिणीचा फोन. पगार वाढवला नाही तर मामा कंजूस. सुट्टी दिली तर बाकीची पोरं म्हणणार, भाच्याला वेगळा न्याय. मागं एकदा मालात तूट आली. परका असता तर त्या दिवशी हिशोब करून गाडीत बसवला असता. भाच्याला काय करणार? तूट मी माझ्या खिशातनं भरली आणि सराफाला सांगितलं माझ्याकडनं झालं. सराफापुढं मी सेठ राहिलो, बहिणीपुढं दादा राहिलो. दोन्ही राखायला पैसे लागले.

पण हेही खरं, की याच नात्यावर धंदा उभा आहे. परक्याच्या हातात कोण सोनं देतंय? भाचा पळून जाणार नाही, कारण त्याची आई गावात आहे.

येरळाकाठ

@भट्टीवाला, शेवटची ओळ मी वर्गात वापरणार आहे. रॉबर्ट मर्टन यांनी भूमिका-संच म्हटलं ते हेच. एकाच जागेवरच्या माणसाकडून वेगवेगळी माणसं वेगवेगळी अपेक्षा धरतात आणि सगळ्यांना एकाच वेळी पुरं पडावं लागतं. तुमच्याकडं तर मालक आणि मामा या दोन जागाच एका अंगावर आहेत.

कृष्णाकाठची

मी वाळवा तालुक्यात आशा, म्हणजे गावातली आरोग्य स्वयंसेविका, आहे. एरवी फक्त वाचते, आज लिहिते.

आमचं काम असं की गावातल्या प्रत्येक बाईची आतली गोष्ट आम्हाला माहीत असते. पाळी चुकली, बारा आठवड्यांच्या आत नोंद करा, गोळ्या द्या, दवाखान्यात न्या. आणि मी याच गावची सून. ज्या घरात जाते तिथल्या म्हाताऱ्या माझ्या चुलत सासवा. त्यांच्यापुढं डोक्यावरचा पदर पडू द्यायचा नाही आणि त्यांच्याच सुनांना कुटुंब नियोजनाचं सांगायचं. सुरुवातीला एक आत्याबाई म्हणाल्या होत्या, "कालची पोरगी आमाला शिकवाय लागली."

माझ्या घरातलं सांगते. जाऊबाईला दोन मुली. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा तिनं पहिल्यांदा मला सांगितलं, आशा म्हणून. घरात सांगू नको म्हणाली, तिला वेळ हवा होता. सासूबाईंना चार दिवसांत संशय आला. त्यांनी मला चुलीपाशी बसवून विचारलं. सून म्हणून मी खोटं बोलायचं नाही, थोरल्यांपासून लपवायचं नाही, हे आम्हाला आईनं शिकवलेलं. आशा म्हणून सांगायचं नाही, हे ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं. मी म्हणाले, "आत्या, तुमी तिलाच विचारा." कळायचं ते त्यांना कळलंच, पण माझ्या तोंडून नाही कळलं. बरेच दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. माझ्या हातचा चहा घ्यायच्या नाहीत.

त्याच सासूबाई पुढं शेजारच्या सुनेला माझ्याकडं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "हिच्याजवळ बोल, ही कुनाला सांगत न्हाई."

सातारा जिल्ह्यात २०११ साली नकुशी नावाच्या अडीचशेहून जास्त मुलींची नावं कार्यक्रम करून बदलली होती, ते आठवतं का कुणाला? जन्मताच नको असलेली हा दर्जा नावातच लिहून ठेवलेला. नवीन नाव शाळेच्या दाखल्यावर आलं. घरात काय हाक मारत असतील, हा विचार मला अजून येतो.

डोंगरी_पाटण

धागा चांगला आहे पण मला मूळ मांडणी पटत नाही. दर्जा, भूमिका, अपेक्षा ही वरची कातडी झाली. खाली जमीन आणि पाणी आहे. ज्याच्याकडं ते, त्याच्या अपेक्षा चालतात.

आमचं मूळ गाव कोयनेच्या पाण्याखाली गेलं. आजोबा गावचे मानकरी, पालखीला पहिला खांदा आमचा. धरण झालं, माणसं पांगली, कुणी सांगलीकडं, कुणी सोलापूर, रायगडला. आजोबा वसाहतीत आले. शेजारी दुसऱ्याच गावचे. देव आणला, पालखी आणली, पण कुणाचा खांदा पहिला हे विचारणारंच कुणी नव्हतं. मूळ गावकरी यांना 'धरणवाले' म्हणायचे, तेही हेटाळणीनं. प्रकल्पग्रस्त हा दर्जा सरकारनं दाखल्यावर दिला, जमीन मिळायला मात्र उभी हयात गेली. जमीन गेली त्या दिवशी मान गेला. याहून सरळ पुरावा काय पाहिजे?

वडील मुंबईला मशीद बंदरला माथाडी. पाठीवर पोती वाहिली. १९६९ चा माथाडी कायदा झाला, बोर्ड आलं, हजेरी, फंड, ग्रॅच्युइटी आली, तेव्हा हमालाचा कामगार झाला. त्यांचा दर्जा कुणाच्या अपेक्षा बदलल्या म्हणून वाढला नाही. अण्णासाहेब पाटलांनी संघटना बांधली, संप झाले, पैसा हातात आला, मग गावातले लोक 'मुंबईकर आले' म्हणून एसटीपाशी बॅगा घ्यायला यायला लागले.

येरळाकाठ

@डोंगरी_पाटण, तुमचं वजनदार आहे आणि मी ते टाळून पुढं जाणार नाही. साधन हातात नसेल तर मान फार दिवस टिकत नाही, हे मान्यच.

पण दोन गोष्टी बघा. तुमच्या आजोबांची जमीन गेली तशीच पहिला खांदा ओळखणारी माणसंही गेली. समजा वसाहतीत त्यांना दुप्पट जमीन मिळाली असती. ते श्रीमंत झाले असते. मानकरी झाले असते का? मानकरी व्हायला समोर गाव लागतं.

दुसरं, माझ्या मूळ लेखातली बहीण. जमीन कायद्यानं तिची होती. साधन हातात होतं आणि तिनं ते सोडलं. मुळात जमीन कुणाकडं जाणार हेच मुलगा की मुलगी यावर पिढ्यान् पिढ्या ठरत आलं. मग खाली काय आणि वर काय? मला तरी जमीन आणि दर्जा एकमेकांत विणलेले दिसतात. माथाडी कायद्याबद्दल मात्र पूर्ण सहमत. संघटना हा अपेक्षा बदलायला लावायचाच एक मार्ग आहे.

खंडाळेकर

वाचतोय. फार दिवसांनी असा धागा आलाय. खूण साठवली.

सातारारोड

मी अनुसूचित जातीतला, राजपत्रित अधिकारी, सध्या विदर्भात. प्रमुख दर्जाबद्दल कुणी लिहिल्यावर आपल्या जिल्ह्यातला सगळ्यात मोठा दाखला राहून जाऊ नये, म्हणून लिहितो.

७ नोव्हेंबर १९०० ला भिवा रामजी आंबेडकर या नावानं सातारच्या सरकारी शाळेत बाबासाहेबांचं नाव पडलं. आजचं प्रतापसिंह हायस्कूल. २०१७ पासून हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्यानंतर लवकरच, १९०१ च्या सुमाराला, बाबासाहेब, त्यांचे भाऊ आणि भाचा उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांना भेटायला निघाले. वडील खटाव तालुक्यात कामाला होते. मुलं आगगाडीनं मसूर स्टेशनवर उतरली. अंगात चांगले कपडे, डोक्यावर टोप्या, पैसे देऊन काढलेली तिकिटं. न्यायला कुणी आलं नव्हतं. स्टेशनमास्तर आपुलकीनं चौकशी करायला आला, त्याला ती ब्राह्मणाची मुलं वाटली. मुलांनी जात सांगितली आणि तो जागच्या जागी मागं सरकला. नंतर बैलगाडीवाले दुप्पट भाडं देऊनही तयार होईनात. शेवटी एक तयार झाला, तो कसा? गाडी मुलांनी हाकायची, तो बाजूनं चालणार. रात्रभर मुलं तहानलेली राहिली. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय.

प्रवासी हा दर्जा होता, तिकीट होतं. लहान मूल म्हणून दया यायला हवी होती. गाडीवाल्याच्या दृष्टीनं गिऱ्हाईक. एका शब्दानं हे सगळं पुसलं गेलं. मसूर स्टेशन आजही आहे. मी जाता-येता तिथं गाडी थांबली की खाली उतरतो.

माझं सांगायचं तर ऑफिसात माझ्या सहीनं बिलं निघतात. गावात जत्रेला गेलो तर कुणी वाईट बोलत नाही, खुर्ची देतात, 'साहेब' म्हणतात. पण जत्रा कमिटीत वर्गणी घ्यायला येतात आणि बैठकीला बोलावत नाहीत. माझ्या वडिलांना वर्गणीही मागत नव्हते, त्यामानानं हा बदलच. @येरळाकाठ, तुम्ही म्हणता अपेक्षा बदलायला वेळ लागतो. वेळ आपोआप काही करत नाही. माझ्या आजोबांच्या पिढीनं ढोर ओढणं सोडलं तेव्हा गावानं पिठाची गिरणी बंद केली होती. त्यांनी नऊ मैलांवरनं दळण आणलं. तेव्हा कुठं ती अपेक्षा मेली. कुणीतरी नकार द्यावा लागतो आणि त्याची किंमत नकार देणाराच भरतो.

माणदेशी

@सातारारोड दादा, वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

मी माण तालुक्यातली, महिला राखीव जागेवर सरपंच होते. सरपंचाचं काम नवराच बघतो, बाई सहीपुरती, असं सगळे म्हणतात. काही ठिकाणी तसं आहेही. पण आतून कसं असतं ते सांगते.

पहिली ग्रामसभा. सरपंचाची खुर्ची पुढं, टेबलामागं. खाली सतरंजीवर आणि बाकावर सगळा गाव, त्यात माझे सासरे, थोरले दीर, भावकीतली सगळी मोठी माणसं. आमच्याकडं सून या माणसांपुढं बसत नाही. मी उभी राहिले. ग्रामसेवक भाऊसाहेब दोनदा म्हणाले, मॅडम बसा. मी नाही बसले. अडीच-तीन तास उभ्यानं सभा चालवली. कुणी बस म्हणालं नाही आणि कुणी बसू नको असंही म्हणालं नाही. पुढच्या सभेलाही तेच.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते. त्या सभेत बायकांपुढं मी खुशाल बसायचे, पाण्याचा टँकर, रेशन, दारू सगळं बोलायचे. एकदा माझ्या चुलत सासूबाई महिला सभा झाल्यावर तशाच ग्रामसभेला येऊन बसल्या. मी उभी बघून सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आगं बस की. खुर्ची काय तुज्या सासऱ्याची हाय व्हय? गावाची हाय." सासरे खाली बघायला लागले. थोडं थांबून म्हणाले, "बस, बस." मी बसले. त्यानंतर परत कधी प्रश्न आला नाही.

आमच्या म्हसवडला १९९७ पासून बायकांची सहकारी बँक आहे. सुरुवातीला संस्थापक बायकांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून परवाना अडला होता. बायका लिहायला शिकल्या आणि परत गेल्या. माझं पहिलं खातं तिथलं. घरी पासबुक कपाटात आतल्या बाजूला ठेवायचे.

तंबोरा

मिरजेचं उदाहरण कुणीच दिलं नाही, म्हणून थोडक्यात. इथली सतार-तंबोरे करणारी घराणी मूळची शिकलगार, हत्यारांना धार लावणारी. संस्थानं राहिली पण लढाया संपल्या, तलवारीचं काम आटलं. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी भोपळा आणि लाकूड हातात घेतलं. पुढं सगळं घराणंच सतारमेकर झालं, आडनावच ते लागलं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. अर्पित दर्जासुद्धा एवढा बदलू शकतो, पण गिऱ्हाईक बदलावं लागतं. गवय्यांनी कदर केली म्हणून कारागिराचा उस्ताद झाला. त्यांची आजची पोरं या कामात किती टिकतात हा वेगळा आणि दुखरा विषय.

निवृत्त_भाऊसाहेब

हक्कसोडाचा विषय निघालाय म्हणून लिहितो. सांगली जिल्ह्यात तलाठी म्हणून नोकरी केली. आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, लोक भाऊसाहेबच म्हणतात.

बाप मेला की तेराव्यानंतर पोरं यायची. "भाऊसाहेब, वारसाची नोंद धरा. बहिनींची नावं खाली इतर हक्कात टाका." ही आपल्याकडची जुनी खोड. मुलगा भोगवटादाराच्या, म्हणजे जमीन धारण करणाऱ्याच्या, रकान्यात, मुलगी इतर हक्कात, जणू ती मयताची मुलगी नसून बोजा आहे. नियमानं मुलगी भोगवटादार म्हणूनच लागायला पाहिजे. मी तसं लावायचो. त्यावरून शिव्या खाल्ल्या. गावात राहायचं, त्यांच्याच दारावरून जायचं, त्यांच्याच लग्नात जेवायचं आणि फेरफार मात्र कायद्यानं लिहायचा. तलाठी सरकारचा की गावाचा, हे दोघंही आपापल्या सोयीनं ठरवतात.

एक बदल मात्र पाहिलाय. नोकरीच्या सुरुवातीला नोटीस घेऊन गेलो तर बहीण म्हणायची, "भावाला विचारा." शेवटच्या काही वर्षांत निम्म्या तरी विचारायच्या, "किती क्षेत्र हाय? मला उतारा दावा." सही बहुतेक जणी तरीही द्यायच्या. पण उतारा बघून द्यायच्या.

@डोंगरी_पाटण, तुम्ही म्हणता जमीन मुळाशी. बरोबर. पण जमीन कुणाच्या नावावर चढते ते घरातल्या जेवणाच्या ताटावर आधी ठरलेलं असतं. माझ्या टेबलावर फक्त लिहिलं जायचं.

डोंगरी_पाटण

@निवृत्त_भाऊसाहेब, मान्य. माझ्या आत्याची सही आमच्या घरात कुणी घेतली होती, हे आज विचारणार आहे. मी लहान होतो तेव्हा.

पलूसची_लेक

सगळ्यांना नमस्कार. पहिल्यांदाच लिहिते. माझी आई आणि मावशी पुढच्या आठवड्यात मामासाठी हक्कसोड करायला जाणार आहेत. आईला मनातून द्यायचं नाही. मामा चांगला आहे, आम्हाला त्यानंच शिकवलं, म्हणून तिला बोलवतही नाही. आजीची काळजी घेणारही तोच. एकदा सही झाली तर मागं घेता येतं का? आणि सगळंच द्यावं लागतं का?

निवृत्त_भाऊसाहेब

@पलूसची_लेक बाळ, घाई करू नका.

एक, हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं. साध्या स्टॅम्पवर किंवा कोऱ्या कागदावर सही मागितली तर देऊ नका. दोन, नोंदणी झाल्यावर ते मनात आलं म्हणून परत घेता येत नाही. फसवणूक किंवा दबाव सिद्ध करायला दिवाणी न्यायालयात जावं लागतं, त्यात वर्षं जातात. तीन, सगळं द्यायची सक्ती नाही. आईला हवा तर एखाद्या गटातला हिस्सा ती ठेवू शकते. वारस नोंदीत नाव लागलेलं राहू दे, हक्कसोड पुढं कधीही करता येतं, त्याला मुदत नाही. मामांना कर्जासाठी सही हवी असेल तर सहखातेदार म्हणून संमती देऊन काम होतंय का ते बँकेत विचारा.

सगळ्या गटांचे सातबारा आणि आठ-अ आधी काढा. आणि आईला एकटीला न पाठवता तुम्ही सोबत जा.

येरळाकाठ

@पलूसची_लेक, भाऊसाहेबांनी सांगितलंय त्यात एकच जोडतो. मामा चांगले आहेत म्हणता ना, मग कार्यालयात जायच्या आधी आईनं त्यांच्याशी घरी बोलावं, आजी समोर असताना. पलूसला तुमच्या ओळखीत वकील नसतील तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माझी एक जुनी विद्यार्थिनी तासगाव न्यायालयात काम करते.

कृष्णाकाठची

@पलूसची_लेक, आईला सांग वाचून सही कर. आणि तिचा चष्मा तू जवळ ठेव.

पलूसची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. येरळाकाठ सर, व्यनि केलाय. आईशी आज बोलले. ती म्हणाली, आधी सातबारा काढून आण.